कबुलीचा नंबर

माझ्या वर्गातली मुलं खोटं बोलत नाहीत, असं मी छाती ठोकून सांगत असे. शिक्षकांच्या खोलीत सांगितलं, दर पालकसभेत सांगितलं, एकदा तर प्रशिक्षणाला गेलेली असताना शंभर शिक्षकांसमोर माईक हातात घेऊन सांगितलं. लोक कौतुकानं माना डोलवत होते आणि मी फुगत होते. मी अरुंधती. बेसा गावातल्या एका शाळेत चौथीला शिकवते, तेवीस वर्षं झाली. माझा आवाज तिसऱ्या मजल्यावरून खाली मैदानात ऐकू येतो, आणि त्याचाही मला फार अभिमान होता. अभिमान कशाकशाचा असतो माणसाला, काही विचारू नका.

माझी पद्धत साधी होती. वर्गात काही फुटलं, सांडलं, हरवलं की मी दारात उभी राहून एकदाच विचारायची, "कोणी केलं?" की सगळ्यांनी उठून उभं राहायचं. ज्यानं केलं तो बोलत नाही तोवर कोणी बसायचं नाही, डबा उघडायचा नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. जो कबूल करेल त्याला मार नाही की रागावणं नाही. फक्त एक तास दाराबाहेर उभं राहायचं, आणि तो परत आत आला की खरं बोलल्याबद्दल बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. दुसऱ्या वर्गांत असल्या चौकश्या दोन-दोन दिवस चालायच्या. माझ्याकडे दोन मिनिटांत निकाल. पृथ्वीचा गोल फुटला तेव्हा अपूर्व पुढे आला. माझा लाल पेन हरवला तेव्हा चिन्मयीनं हात वर केला. तो पेन त्याच दिवशी दुपारी माझ्याच पर्समध्ये निघाला, तर मला वाटलं, पोरगी घाबरली आणि गुपचूप आणून ठेवून गेली. एवढी मी हुशार.

फेब्रुवारीत आम्ही चौथीची सहल काढली. पारशिवनीच्या पुढे जंगलाच्या काठानं एक पायवाट केलेली आहे. गावातलीच माणसं मुलांना त्या वाटेनं फिरवून आणतात. वाघ काही दिसत नाही, ते मी मुलांना तीस वेळा तरी बजावलं होतं. तिथं प्राण्यांच्या खुणा बघायच्या असतात. मातीतले ठसे, वारुळं, खोडावरचे ओरखडे. चौथीची अडतीस मुलं, मी, आणि सोबतीला मिनल. ती दोनच वर्षांपूर्वी शाळेत लागलेली, माझ्या हाताखाली शिकून राहिली होती.

वर्गात एक श्वेता आहे. लहानखुरी, पुढच्या बाकावर बसणारी, प्रश्न विचारून डोकं खाणारी. तिला एकच वेड लागलं होतं, अस्वलाचं झाड. त्या वाटेवर एक अर्जुनाचं झाड आहे. त्याच्यावर मधाचं पोळं लागतं आणि अस्वल ते काढायला चढतं. त्याच्या नखांच्या खाचा पार वरपर्यंत गेलेल्या आहेत. त्याचा फोटो मी वर्गात मोबाइलवर दाखवला, आणि तेव्हापासून आठ दिवस रोज तिचं तेच. "मिस, हात लावू देतील का?" "मिस, माझी बोटं त्याच्यात जातील का?" शेवटी तिनं वहीच्या पानावर आपला पंजा ठेवला, पेन्सिलीनं रेघ मारली आणि तो कागदी पंजा कापून आणला. अस्वलाच्या पंजाशी मोजून बघायचं होतं म्हणे. बसमध्ये सबंध वाटभर तो तिच्या हातात होता.

आणि हो, शपथ. ती सांगायलाच हवी. सहलीच्या आधी सोमवारपासून रोज परिपाठाला मी मुलांकडून शपथ म्हणून घेत होते. जंगलात मी ओरडणार नाही, कचरा टाकणार नाही, कोणत्याही प्राण्याला काहीही खायला देणार नाही. शपथ मीच लिहिली होती. सगळ्यात मोठ्यानं मीच म्हणायची.

आता माझं काय झालं ते. शनिवार होता. गेली कित्येक वर्षं मी शनिवारचा मारुती चुकवलेला नाही. सकाळी आंघोळ झाली की फुटाणे आणि केळी घेऊन देवळात जायचं, मग चहा. त्या दिवशी बस पावणेसहाला निघणार होती, पुजारी उठलेला नव्हता. म्हटलं, केळी पर्समध्ये टाकू, परत येताना जाऊ. सहा केळ्यांची फणी होती.

आठच्या सुमारास आम्ही जंगलाच्या फाटकाशी पोचलो. मिनल मुलांना ओळीनं नळाकडे घेऊन गेली. मी पाय मोकळे करायला बसच्या मागे गेले, तर तिथल्या कठड्यावर वानरीण बसलेली. काळं तोंड, लांब शेपूट, पोटाला चिकटलेलं एवढंसं पिल्लू. ती माझ्याकडे टक लावून बघून राहिली. मला भरूनच आलं हो. म्हटलं, अरुंधती, आज देवळात जायला जमलं नाही म्हणून देव इथं येऊन बसलाय, आणि तू तशीच उभी राहणार? मी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि एक केळं तिच्या पुढ्यात ठेवलं. पुण्याचं काम होतं तर दोन्हीकडे कशाला बघितलं मी? हे तेव्हा सुचलं नाही. तिनं ते सोलून खाल्लं, तोवर झाडावरून आणखी दोघं उतरली. मग मी उरलेली पाचही केळी तोडून तिथं टाकली आणि घाईघाईनं पुढच्या बाजूला आले. कोणी बघितलं नव्हतं.

पाच मिनिटं गेली नसतील, बसच्या टपावर वानरं. पंधरा तरी असतील. धाडधाड पत्रा वाजायला लागला. एकानं थेट मुलांच्या ओळीत उडी मारली आणि अपूर्वच्या हातातली डब्याची पिशवी हिसकली. तो पिशवी सोडेना, मग ओढाताणीत आपटला, गुडघा सोलवटला. मुली किंचाळल्या. फाटकापाशी आमच्या वाटाड्याची, रुपरावची वाट बघायची होती, तोच तो काठी आपटत धावत आला. पन्नाशीचा, काटकुळा माणूस, खाकी शर्ट. त्यानं वानरांना हुसकलं, अपूर्वला उठवून उभं केलं, गुडघ्यावर पाणी टाकलं. मग बसच्या मागे गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात केळ्यांची सालं होती.

"हे कोनं देल्लं?" त्यानं विचारलं.

मुलं एकमेकांकडे बघायला लागली.

"पाहा गा पोट्टेहो," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. "मागच्या उन्हाळ्यात याच जागी एक वानरीन गाडीखाली आली. लोकं केळं देत म्हनून थे रोज रस्त्यावर येऊन बसे. पिल्लू पोटाले धरून होतं. म्या सोडवलं. दोन दिवस जगलं थे." त्यानं सालं खिशात घातली. "मनून आमचा नेम हाये. ज्यानं खायले देल्लं त्याले आत नेत नाई. त्यानं इथं फाटकापाशी बसाचं. आन कोनी सांगतलंच नाई, तं मंग सारेच बसा."

आता सांगते, असं मी मनात म्हटलं. खरंच म्हटलं. तोंड उघडलंसुद्धा होतं. तेवढ्यात मिनल पुढे झाली आणि म्हणाली, "भाऊ, तुम्ही बिलकुल काळजी करू नका. आमच्या अरुंधती मॅडमच्या वर्गातली मुलं खोटं बोलतच नाहीत. मॅडम एकदा विचारतील, दोन मिनिटांत कळेल."

रुपराव माझ्याकडे बघायला लागला. मिनल बघायला लागली. अडतीस मुलं बघायला लागली. बसमधून ड्रायव्हर डोकावला. एवढे डोळे माझ्यावर, आणि मी, जिनं स्वतः शपथ लिहिली, ती काय म्हणणार होते? माझ्याच तोंडून माझाच आवाज बाहेर पडला, वर्गातला, तिसऱ्या मजल्यावरचा.

"कोणी केलं?"

मुलं ताबडतोब ताठ झाली. हात खाली, नजर समोर. कोणी कोणाशी बोललं नाही. आणि दुसऱ्या रांगेतून श्वेता पुढे आली.

"मी, मिस."

 खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. लगेच डोकं चालायला लागलं माझं. म्हटलं, हिनंही दिलं असेल एखादं. हिच्या डब्यात असतं केळं कधीकधी. मुलगी स्वतः म्हणते आहे म्हटल्यावर काहीतरी केलंच असेल. सहा केळी माझ्या हातानं दिलेली, सहा सालं त्या माणसाच्या खिशात, तरी मी असला हिशेब मांडून राहिले होते. आणि वरून म्हणाले, "शाब्बास श्वेता. खरं बोललीस."

झालं, सवयच ती. सदतीस मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या नोका वाजवू," रुपराव म्हणाला. "जंगल हाये."

श्वेता रडली नाही. तिनं खिशातून तो कागदी पंजा काढला, अपूर्वच्या हातात दिला, त्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि फाटकाजवळच्या खोलीच्या पायरीवर जाऊन बसली. तिथं रुपरावची बायको भागीरथा येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं रजिस्टरमध्ये लिहून घेत असते. आम्ही आत निघालो. मी एकदाही मागे वळून बघितलं नाही. हिंमत झाली नाही.

दोन-अडीच तास चाललो. रुपराव फार छान सांगत होता. बोलीही त्याची मुलांना गोड लागत होती, एरवी तसं बोललं की मी वर्गात मुलांना टोकते. त्यानं चितळाचे खूर दाखवले, रानडुकरानं उकरलेली जमीन दाखवली, सुतारपक्ष्याचं भोक दाखवलं. एक वारूळ अस्वलानं वाळवी खायला फोडलं होतं, तिथं मुलं खाली वाकून श्वास रोखून बघत होती. मी तिथं म्हटलं, आता सांगते. नाही सांगितलं. नाला ओलांडताना म्हटलं, रुपरावला बाजूला घेऊन सांगते. त्याला सांगितलं की तो मिनलला सांगणार, मिनल शाळेत सांगणार, सोमवारी मोठ्या बाईंच्या खोलीत मला बोलावणं येणार, पालकांच्या ग्रुपवर तर विचारायलाच नको. असं सगळं डोळ्यांपुढे आलं आणि मी नालाही ओलांडला. एका लहान मुलीला फाटकाशी बसवून मी मोठी बाई रानात हिंडत होते. लाज वाटत होती, नाही असं नाही. पण नुसतीच वाटत होती. त्या लाजेनं पाय काही मागे फिरत नव्हते.

"मॅडम, बरं नाही वाटत का तुम्हाला?" मिनलनं विचारलं.

"ऊन लागलं," मी म्हटलं. फेब्रुवारीत, सकाळी साडेनऊला, साजाच्या झाडांच्या दाट सावलीत.

मग ते झाड आलं. पांढरट, गुळगुळीत खोड, आणि त्याच्यावर खालपासून वर, पोरांच्या मानेपासून थेट पोळ्यापर्यंत नखांच्या खाचा. जुन्या खाचा काळ्या पडल्या होत्या, नव्या अजून लालसर होत्या. रुपराव म्हणाला, लावा हात, काई होत नाई. मुलं एकेक करून बोटं घालून बघायला लागली. अपूर्वची पाळी आली तर त्यानं आपला हात लावलाच नाही. खिशातून श्वेताचा कागद काढला, खाचांवर नीट दाबून धरला आणि पेन्सिलीनं कागदावर अस्वलाच्या बोटांच्या जागी खुणा केल्या. लंगडत होता बिचारा, तरी टाचा उंच करून करत होता.

"मिस, तुम्ही पण लावा ना," चिन्मयी म्हणाली.

मी लावला हात. बोटं खाचेत गेली. हात परत घेतला तर बोटांना अजून केळ्याचा वास येत होता. मी तो पदराला पुसला.

परत फाटकाशी आलो तेव्हा अकराला पाच कमी होते. श्वेता तिथंच पायरीवर बसली होती. भागीरथानं तिच्या ओंजळीत बोरं दिली होती, ती एकेक खात होती. मी मुलांना ओळीत थांबवलं, आता बसायचं, हात धुवायचे, डबे उघडायचे. तेवढ्यात भागीरथा माझ्याजवळ आली.

"बाई, तुमची पोट्टी लय गुनाची हाये वं," ती हळूच म्हणाली. "पन मले एक समजलं नाई. म्या इचारलं, कायले देल्लं वं वांदराले? तं म्हनते, म्या नाई देल्लं, आज माहा नंबर होता. कायचा नंबर?"

मी श्वेताजवळ गेले. "श्वेता, कसला नंबर?"

तिनं जीभ चावली. चिन्मयीकडे बघितलं. चिन्मयी जोरजोरात मान हलवत होती, सांगू नको म्हणून. मी पायरीवर तिच्या शेजारी बसले. "सांग. मी रागावणार नाही," मी म्हटलं. हे वाक्यही मी वर्गात इतके वेळा वापरलं आहे की त्याचा काही भरवसा उरलेला नसावा. तरी तिनं सांगितलं.

"मिस, रोल नंबरनं असते. मंगळवारी सोळाचा झाला. माझा सतरा आहे."

"काय असतं रोल नंबरनं?"

"तुम्ही विचारता न, कोणी केलं. तेव्हा ज्याचा नंबर असते त्यानं मी म्हणायचं."

मला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. "कधीपासून चाललंय हे?"

"दिवाळीच्या आधीपासून. त्या दिवशी आपण खूप वेळ उभे होतो न मिस, कोणीच नव्हतं सांगत. भैरवीले चक्कर आली होती. मग चिन्मयी म्हणे, असं नको, नंबर लावू. एकानं बाहेर उभं राहायचं, मग बाकीचे डबा खाऊ शकतात. जो बाहेर असते त्याच्यासाठी सगळे एकेक घास ठेवतात." तिनं माझ्याकडे बघितलं. बहुतेक मी रागावले की नाही ते तपासत होती. "कोणाले त्रास नाही होत मिस. अडतीस जण आहोत. सारखा सारखा नाही येत."

"आणि पृथ्वीचा गोल? तो अपूर्वनं नव्हता फोडला?"

"ते माहीत नाही. वाऱ्यानं पडला असेल. खिडकी उघडी होती."

"माझा पेन?"

"पेन तर आम्ही पाहिलाच नव्हता."

नऊ-नऊ, दहा-दहा वर्षांची लेकरं. मी भाषणं ठोकत फिरत होते, आणि ही मुलं आपसांत नंबर लावून माझ्या तावडीतून एकमेकांना सोडवून राहिली होती. दिवाळीपासून दाराबाहेर उभं राहिलेल्या एकानंही काही केलेलं नव्हतं. आणि मी प्रत्येकासाठी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. मला तिथं जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आता मात्र उठले. त्या दिवसभरात एवढी एकच गोष्ट मी धड केली, तीही अडीच तास उशिरा.

"इकडं लक्ष द्या सगळ्यांनी," मी म्हटलं. "रुपरावजी, तुम्हीही ऐका. मिनल, तूसुद्धा. वानरांना केळी श्वेतानं दिली नाहीत. मी दिली."

मला वाटलं होतं, एकदम गलका होईल. कुजबुज तरी होईल. काहीच झालं नाही. मुलं माझ्याकडे जरा काळजीनं बघत राहिली. मग चिन्मयी ओळीतून निघून माझ्याजवळ आली आणि अगदी खालच्या आवाजात, समजावणीच्या सुरात म्हणाली, "मिस, तुमचा नंबर नसते. मोठ्यांना नाही ठेवलं आम्ही."

"आणि श्वेताचा तर झाला आज," अपूर्व म्हणाला. "मग आता कायले?"

"अरे बाबा, नंबर नाही! खरंच मी दिली!" माझा आवाज चढला. रागावून पटवत होते मी त्यांना, की बाबांनो, चोर मीच. कोणाचा विश्वास बसेना. मिनलसुद्धा गालात हसत होती. तिला वाटलं असेल, मॅडम किती मोठ्या मनाच्या, मुलीला वाचवून राहिल्या. शेवटी मी पर्स उघडली. आत केळ्यांच्या फणीचा देठ होता, मी काढून टाकायला विसरले होते. तो वर धरला. त्याला केळी तोडल्याच्या सहा खुणा. रुपरावनं खिशातली सालं काढून बघितली, देठ बघितला, आणि मग मिनलचं हसू मावळलं.

"तवाच सांगतलं असतं म्याडम तुमी," रुपराव म्हणाला. 

"हिला घेऊन जाता का आता?" मी हात जोडले. "एकटीला. मी इथं बसते. फक्त त्या झाडापर्यंत. पळत जा हवं तर."

त्यानं घड्याळ बघितलं. मग श्वेताकडे बघितलं, आणि त्यालाच वाईट वाटलं ते दिसत होतं. "अकरा वाजले. आता चारपर्यंत आत कोनालेच नेत नाई. उन्हाचं जनावर पान्यावर येते. लेकरू घेऊन तं नाईच नाई."

चारपर्यंत आम्ही थांबू शकत नव्हतो. आईबाप दोन वाजता शाळेच्या दारात येऊन उभे राहणार होते. मी तरी विनवून बघितलं, दोनदा. तो मान हलवत राहिला. नियम मोडायला सांगत होते मी त्याला, परत एकदा.

अपूर्वनं तो कागद श्वेताला आणून दिला. "बघ, इथपर्यंत येते त्याचं बोट," तो म्हणाला. तिनं कागद मांडीवर पसरला, पेन्सिलीच्या खुणांवर एकेक बोट ठेवून बघितलं. मग घडी घालून खिशात ठेवला. आतापर्यंत ती शांत होती. आता तिच्या कपाळाला आठी पडली, वर्गात गणित अडलं की पडते तशी. तिनं वर बघितलं. तिचा विश्वास बसला होता. मुलांमध्ये तिच्या एकटीचाच.

"मिस, तुम्हीच दिली होती," ती म्हणाली, "तर मग आम्हाले विचारलं काहून?"

सगळी मुलं ओळीत उभी. डबे हातात, बंद. मी तेवीस वर्षांत मुलांच्या प्रश्नाला माहीत नाही असं कधी म्हटलेलं नाही, काहीतरी उत्तर असतंच माझ्याजवळ.  त्या वेळी तिच्यासमोर पायरीशी वाकून मी एवढंच म्हणू शकले, "मी घाबरले गं."

"कोणाले?"

मी रुपरावकडे बघितलं, मिनलकडे बघितलं. त्या दोघांत खरं उत्तर नव्हतं.

"तुम्हाला," मी म्हटलं. "तुम्ही सगळे बघत होता ना."

श्वेतानं तोंडातली बोराची बी हातावर काढून घेतली आणि थोडा विचार केला.

"आम्ही काही तुम्हाले उभं नसतं केलं, मिस," ती म्हणाली, आणि आपला डबा आणायला बसकडे गेली.